टेबलाच्या टोकाला पाटणकर बाई

पाटणकर बाई आमच्या कारखान्याच्या गेटवर कधी गाडीतून उतरल्या नाहीत. कंपनी त्यांना आणायला सांगलीपर्यंत मोटार पाठवायला तयार होती. एकदा तर न विचारता पाठवलीही. बाईंनी ड्रायव्हरला घरात बसवून चहा पाजला, ताटलीभर भडंग खायला घातलं आणि रिकामी गाडी परत पाठवून दिली. मग स्वतः एसटीत बसून, कराडला गाडी बदलून, दुपारी साताऱ्याला पोहोचल्या. जनरल मॅनेजर वैतागले होते. बाई पदरानं कपाळ टिपत शांतपणे म्हणाल्या, "साहेबांच्या गाडीतून उतरले की गेटवरची माणसं मी तोंड उघडायच्या आधीच माझ्या बोलण्याचा अर्थ लावून मोकळी होतात. मग बोलून उपयोग काय?"

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. आमचा कारखाना पंप बनवायचा, एका जर्मन कंपनीच्या भागीदारीत. मी पर्सोनेल खात्यात होतो. कामगार आसपासच्या खेड्यांतले, बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी फौजेत गेलेलं. साहेब लोक जर्मनीचे. मधली भाषा इंग्रजी, आणि ती दोन्हीकडच्यांना बेताचीच. या दोघांनी एकमेकांशी नीट वागावं कसं, हे सांगायला कंपनीनं सुशीलाबाई पाटणकरांना सल्लागार म्हणून नेमलं होतं.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या. लग्न केलेलं नव्हतं. पुण्यात शिकताना हौसेनं जर्मन शिकल्या, मग सोलापूरच्या एका गिरणीत कामगार कल्याण अधिकारी झाल्या, आणि वडील एकटे पडले तेव्हा नोकरी सोडून सांगलीला विश्रामबागेत परत आल्या. वडिलांना ऐकू येत नसे. त्यामुळे समोरच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा उच्चारत बोलायची बाईंना सवय लागलेली. पहिल्या भेटीत माणूस बिचकायचा, वाटायचं बाई आपल्याला कमी अकलेचा समजतात. दुसऱ्या भेटीत लक्षात यायचं की इतकं पूर्ण लक्ष देऊन आपल्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललेलं नाही.

मुंबई-पुण्याच्या परदेशी कंपन्याही त्यांचा सल्ला घेत. घराच्या फाटकावर पाटी होती: 'औद्योगिक संबंध सल्लागार, देशी व परदेशी'. ती वाचून मागच्या गल्लीतल्या एक काकू मुलीची पत्रिका घेऊन आल्या होत्या, अमेरिकेतलं एखादं स्थळ असेल तर बघा म्हणून. बाई हा किस्सा स्वतःच सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "तशा काकू फार चुकल्या नव्हत्या. माझंही काम तेच. दोन्ही घरची माणसं एकमेकांना समजावून सांगायची. फक्त इथं लग्न आधीच लागलेलं असतं."

वाटाघाटी असल्या की लांब टेबलाच्या एका बाजूला मॅनेजमेंट बसे, दुसऱ्या बाजूला युनियन. बाई टेबलाच्या अरुंद टोकाला खुर्ची ओढून घेत. पहिल्याच बैठकीत युनियनचे सेक्रेटरी बाबूराव साळुंखे यांनी रोखठोक विचारलं होतं, "बाई, तुमी कुनाच्या?"

"मला फी कंपनी देते," बाई म्हणाल्या. "हे आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको. आता मी काय बोलते ते ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा."

बाबूराव हसले. नंतर ते मला म्हणाले, "लय सरळ बाई हाय. हिला फसवता यायचं न्हाई आन ही बी फसवायची न्हाई."

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. मागण्यांचा कागद समोर आला की त्या तो बाजूला सारत आणि म्हणत, "आधी कोण कशाला घाबरलंय ते सांगा." यावर साहेब खांदे उडवत आणि कामगार छातीवर हात ठेवून सांगत की आपण कुणाच्या बापाला भीत नाही. पण तासाभरात काहीतरी बाहेर पडायचंच.

आमच्याकडे क्रूगर नावाचे प्रॉडक्शन मॅनेजर होते. शिस्तीचा, कामसू माणूस. एकदा त्यांनी मशिन शॉपमधल्या गणपतला विचारलं, हे काम शनिवारपर्यंत होईल का? गणपत म्हणाला, "व्हय." क्रूगरनी त्या भरवशावर मुंबईला तार केली. शनिवारी काम अर्धंही झालं नव्हतं. खोटं बोलल्याबद्दल क्रूगरनी गणपतला निलंबनाची नोटीस काढली आणि सगळ्या शॉपनं हत्यारं खाली ठेवली. गणपत तर रडकुंडीला आला होता. "मी खोटं कवा बोललो? मी तर व्हय म्हनालो!" असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता.

बाई आल्या. दिवसभर शॉपमध्ये नुसत्या इकडून तिकडे फिरल्या. संध्याकाळी क्रूगरांच्या खोलीत बसून म्हणाल्या, "तुमचं एक वाक्य पुरं होईपर्यंत हा माणूस किती वेळा व्हय म्हणतो, ते ऐकलंत कधी? तो कबूल होत नाही. तुम्ही बोला, मी ऐकतोय, एवढंच तो सांगतो. शिवाय मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं त्याच्या घरी उद्धटपणा समजतात."

"मग मी विचारू तरी कसं?"

"होईल का, समजलं का, असं विचारूच नका. उत्तर व्हयच येणार. कवा होईल ते विचारा. समजलं की नाही हे बघायचं असेल तर करून दाखवायला सांगा."

नोटीस मागे घेतली गेली. क्रूगरनी 'कवा' हा शब्द घोकला आणि ते शॉपमधून फिरताना प्रत्येकापाशी थांबून "कवा? कवा?" विचारू लागले. महिन्याभरात त्यांचं नाव कवासाहेब पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा ते मनापासून खूश झाले.

दुसऱ्या वर्षी कंपनीनं काही कामगारांना शिकायला वर्षभर जर्मनीतल्या मूळ कारखान्यात पाठवायचं ठरवलं. निवडलेल्यांत सर्जेराव शेलार होता. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचं गाव. वडील पेन्शनर हवालदार, आई तानूबाई, आणि नुकतीच घरात आलेली बायको. पोरगा हातानं कसबी आणि स्वभावानं इतका मऊ की कुणाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

या पोरांची तयारी बाईंनी आपल्या घरी करून घेतली. कामापुरती भाषा, काटे-चमचे, थंडीचे कपडे. पण सगळ्यात जास्त वेळ त्यांनी एकाच गोष्टीवर घालवला, 'नाही' म्हणण्यावर. मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा तीच शिकवणी चालू होती. बाई भडंगाचा डबा घेऊन प्रत्येकासमोर उभ्या राहायच्या, आग्रह करायच्या, आणि त्यानं जर्मनमध्ये ठणकावून 'नाइन' म्हणायचं. बाकीचे हसत हसत म्हणाले. सर्जेरावची पाळी आली की तो ओंजळ पुढे करायचा. पुन्हा आग्रह, पुन्हा ओंजळ. शेवटी त्याला खाऊन खाऊन ठसका लागला.

"अरे, नको म्हण ना!"

"बाई, तुमी द्यायच्या आन मी नगं कसं म्हनू?"

बाईंना हसू आवरेना. आम्ही सगळेच हसलो.

निघायच्या दिवशी साताऱ्याच्या स्टँडवर सगळ्यांची घरची माणसं आली होती. तानूबाई बारीक चणीची, डोंगर चढून-उतरून वाळलेली बाई. तिनं मुलाकडे फारसं पाहिलं नाही. पाटणकर बाईंचा हात मात्र दोन्ही हातांत धरला आणि सोडेना.

"आवं बाई, त्येचा बा फौजेत व्हता तवा मला कुनी इचारलं न्हाई. ह्या येळेला मी इचारते. माजं पोरगं सुखरूप येईल न्हवं?"

बाई कधी कुणाला वचन देत नसत. 'प्रयत्न करू' हेसुद्धा त्या मोजून-मापून म्हणायच्या. पण त्या दिवशी म्हणाल्या, "येईल. सुखरूप आणायची जबाबदारी माझी."

सर्जेराव तिथल्या हिवाळ्यात गेला. क्रेननं उचललेलं ओतीव लोखंडाचं जड धूड साखळीतून निसटलं आणि तो त्याच्या खाली उभा होता.

क्रूगरनी बाईंना बोलावून घेतलं, तेव्हा मी खोलीत होतो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, "तिकडचा फोरमन सांगतोय की माल वर असताना कुठं उभं राहायचं नाही, हे त्यानं सर्जेरावला नीट सांगितलं होतं. समजलं का म्हणून पुन्हा पुन्हा विचारलंही होतं. प्रत्येक वेळी तो हो म्हणाला."

बाईंनी मान वर केली. क्रूगरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपण काय बोलून गेलो ते त्यांनाही समजलं. मग बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "इथल्या साहेबांना मी शिकवलं. तिकडच्यांना कुणी शिकवलं?" आणि थोड्या वेळानं, "ते माझं काम होतं."

मूळ कंपनीचं म्हणणं होतं की अंत्यविधी तिकडेच करावा, अस्थी पाठवू. शरीर दाखवण्यासारखं राहिलेलं नाही, असंही त्यांनी कळवलं होतं. बाई अडून बसल्या. "आईनं सुखरूप मागितला होता. निदान तिच्या दारात तरी आणू." क्रूगरनीही जोर लावला आणि शेवटी पेटी विमानानं मुंबईला आली. बाई आणि मी सांताक्रूझला जाऊन ती ताब्यात घेतली. ट्रकमध्ये बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. साऱ्या वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "याला थंडी सोसायची नाही. मी लोकरीचे मोजे जास्तीचे दिले होते."

गावात सगळं माणूस गोळा झालं होतं. पेटी जस्ताची, चहूबाजूंनी कथलाचा डाग देऊन बंद केलेली. अंगणात ठेवली तसा लोकांत गलका झाला, उघडा म्हणून. हवालदार शेलार काठी टेकत पुढे आले. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलेलं असावं. त्यांनी मान हलवली आणि लोकांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. उघडायची न्हाई."

तानूबाई उठून आली. रडत नव्हती. पेटीवरून हात फिरवत तिनं विचारलं, "ह्यात माजाच पोरगा हाय, कशावरनं?"

बाई तिच्यासमोर गेल्या आणि नेहमीप्रमाणे एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तोच आहे. मी सांगते ना."

"तुमी तर सुखरूप आनते बी म्हनाला व्हता."

आवाज चढवून ती बोलली नव्हती. शिवी दिली असती तर बाईंना पेलली असती असं मला वाटतं. बाई उभ्या जागी खाली बसल्या. सर्जेरावची बायको भिंतीला टेकून बसली होती. तीच उठली आणि बाईंना तांब्याभर पाणी आणून दिलं. बाईंनी तांब्या हातात धरला, पण पाणी प्यायल्या नाहीत.

दहावं-तेरावं उरकल्यावर कंपनीच्या वकिलांनी एक जबाब तयार केला. सूचना दिलेल्या होत्या, त्या आपल्याला समजल्याचं मयतानं सांगितलं होतं, सबब अपघात त्याच्या चुकीनं झाला, असा मजकूर. हवालदारांनी त्यावर सही केली की कंपनी खुशीनं मदत देणार. ती सही बाईंनी आणावी अशी अपेक्षा होती. तुमच्या शब्दाला तिथं मान आहे, असं जनरल मॅनेजर म्हणाले.

"होता," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आपली खुर्ची टेबलाच्या टोकाहून उचलली आणि नेहमी बाबूराव साळुंखे बसायचे त्या बाजूला नेऊन ठेवली. आजवर पहिल्यांदाच. "आज मी सल्लागार म्हणून बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या फोरमननं चुकीचा प्रश्न विचारला. तो प्रश्न चुकीचा आहे हे मला माहीत होतं, कवासाहेबांना माहीत होतं, या कारखान्यातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. फक्त जिथं तो विचारला जाणार होता तिथं कुणी कळवलं नाही. त्या मुलाची चूक असं लिहिलेल्या कागदावर त्याच्या बापाची सही मी आणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला आणूही देणार नाही."

जनरल मॅनेजर काही बोलणार तोच क्रूगर उठले. म्हणाले, "बाईंचं खरं आहे. मी हे मूळ कंपनीला माझ्या सहीनं कळवतो."

बरीच पत्रापत्री झाली, पण ते वाक्य गळलं. शेलारांना जे द्यायचं ते त्यांच्या मुलाला दोष न लावता दिलं गेलं. बाकीची पोरं वर्ष पुरं करून परत आली. वर्षभरात क्रूगरांची बदली झाली. ती शिक्षा होती की नेहमीची बदली, ते आम्हाला कळलं नाही. जाताना त्यांना सगळ्या शॉपनं हार घातले. गणपतनं विचारलं, "साहेब, परत कवा?" त्यावर त्यांनी गळ्यातला एक हार काढून गणपतच्या गळ्यात घातला.

बाईंनी त्या बैठकीनंतर काम सोडलं. आमच्या कंपनीचंच नव्हे, सगळ्याच कंपन्यांचं. मी त्यांना समजवायला सांगलीला गेलो होतो. फाटकावरची पाटी काढलेली होती. आत वडील आरामखुर्चीत डुलकी घेत होते. मी म्हणालो, "बाई, तुमच्यासारखं माणूस मध्ये नसलं तर दोन्हीकडचे लोक आणखी चुका करतील."

"करतील," त्या म्हणाल्या. "पण मला आता कुणासमोर बसून हे असं करा, ते तसं करा, असं सांगता येत नाही हो. वाक्य अर्ध्यावर आलं की त्या बाईचा आवाज ऐकू येतो." आणि त्यांनी वडिलांच्या अंगावर शाल नीट केली.

त्यानंतर पुष्कळ दिवस गाठ पडली नाही. मीही ती नोकरी सोडून कराडला आलो. दशक संपत आलं असताना एका लग्नाच्या निमित्तानं मेढ्याकडे निघालो होतो, तर साताऱ्याहून सुटणाऱ्या एसटीत बाई खिडकीशी बसलेल्या. केस पूर्ण पांढरे झालेले. वडील गेल्याचं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "इकडं कुठं?"

"तानूबाईंकडे. वर्षातून एकदा येते."

"काय म्हणतात त्या?"

"काही नाही. बोलत नाहीत माझ्याशी. मी ओट्यावर थोडी बसते, पाणी पिते आणि शेवटच्या गाडीनं परतते." हे त्यांनी गाडीच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.

मला राहवलं नाही. लग्नघरी उशिरा गेलं तरी चाललं असतं. मेढ्याहून आम्ही बरोबरच वर चढलो. बाईंना धाप लागत होती, पण त्यांनी हातातली पिशवी मला दिली नाही.

हवालदार मागच्या साली वारले होते. सून माहेरी गेली होती आणि तिकडं तिचं दुसरं लग्न लागलं होतं. तानूबाई ओट्यावर एकटीच सुपात नाचणी घेऊन खडे निवडत बसली होती. डोळ्यांना कमी दिसत असावं, सूप अगदी तोंडाशी धरलेलं. आम्हाला पाहून तिनं मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा सुपात बोटं फिरवू लागली. बाई ओट्याच्या कडेला उन्हात बसल्या. मी पायरीवर.

बराच वेळ गेला. मग सुपातली नजर न काढता तानूबाई म्हणाली, "बाई, तकडं डोंगार हाईत का?"

बाई दचकल्या. इतक्या वर्षांत तिनं त्यांना विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"कुठं?"

"पोरगं गेलं तकडं. डोंगार हाईत का? का समदं सपाट?"

बाईंना उत्तर देणं सोपं होतं. दोन शब्द सांगितले असते तर म्हातारीचं समाधान झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, तानूबाई. मी कधी गेलेच नाही तिथं."

तानूबाईचा हात थांबला. "आँ? इतकी पोरं धाडली, आन तुमी सोता न्हाई गेला?"

"नाही. वडील होते घरी. तिथली माणसं पाहिली, भाषा शिकले, पुस्तकं वाचली. पण तो देश काही मी पाहिला नाही. आता काय जाणार?"

तानूबाईनं सूप मांडीवर ठेवलं. बाईंकडे ती नीट बघू लागली, कमी दिसणारी माणसं बघतात तशी, मान तिरकी करून.

"मंग तुमी बी माज्यावानीच की," ती म्हणाली.

तानूबाई थोडी आत सरकली, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाली, "या, हितं सावलीला बसा."

बाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. तानूबाईनं सूप दोघींच्या मध्ये ओढलं. मी लग्नघराकडे निघालो. उताराला लागताना वळून पाहिलं. दोघी डोकी खाली घालून नाचणी निवडत होत्या. त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत.